कार्डाची पूजा

माझी पहिली नोकरी मला घरातच लागली आणि ती निरोप पोचवण्याची होती. पुढच्या खोलीत बाबा, मागे स्वयंपाकघरात आई, मध्ये एक जुन्या लुगड्याचा पडदा. बाबा पुढून म्हणायचे, "वंदू, तुझ्या आईले सांग, चहा ठेव म्हणा." आई पडद्याच्या पलीकडेच उभी असायची. तिने ते ऐकलेलं असायचं, पातेलंही चढवलेलं असायचं. तरी मी उठायचं, पडदा सारायचा आणि म्हणायचं, "आई, चहा." मग आई म्हणायची, "त्यायले विचार, आलं टाकू का?" मी पडदा सोडून परत फिरेपर्यंत बाबा भिंतीकडे बघत म्हणालेले असायचे, "टाक म्हणा." या नोकरीत बढती नव्हती, रजा नव्हती, आणि कॉलेजच्या परीक्षा चालू असल्या तरी हजेरी चुकत नसे. आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं काम आज माझ्याकडे आहे, ते कदाचित त्यामुळेच. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगताना त्यात थोडं मीठमसाला घालायची सवय तेव्हाच लागली.

अबोल्याचं कारण होतं एक खड्डा. आमची वस्ती विणकरांची. पुढच्या खोलीत हातमाग होता, आणि तो खड्ड्याचा माग, म्हणजे विणणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसणार आणि माग त्याच्या छातीसमोर. बाबा काठावर करवतीचे दाते असलेल्या करवतकाठी साड्या विणायचे. मागाचा तो खट-खटाक आवाज मी जन्मापासून ऐकत आले होते. तो चालू असला की अभ्यास व्हायचा, थांबला की झोपमोड व्हायची. पुढे साड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. बाबांनी इतवारीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली, आणि तिथे यंत्रावर विणलेल्या साड्या बायकांपुढे उलगडून "घ्या ताई, अस्सल आहे" म्हणायला लागले. माग नुसता उभा राहिला. त्यावर कपडे वाळू लागले. एक दिवस आई म्हणाली, "पोरीले कॉम्प्युटर घ्यायचा हाय, तो ठेवाले जागा नाई. माग काढायचा का?" बाबा म्हणाले, "तुले जे करायचं ते कर." आता, लग्नाला वीस वर्षं झालेल्या कुठल्याही बाईला या वाक्याचा अर्थ कळतो. आईलाही कळला असणार. पण तिने त्या दिवशी तो शब्दशः घेतला. बाबा दुकानातून आले तेव्हा माग सोडवून भिंतीला टेकवलेला होता, खड्ड्यात मुरूम भरला होता आणि त्यावर गवंडी फरशी ठोकत होता. बाबांनी चप्पल काढली, मला हाक मारली आणि म्हणाले, "वंदू, तुझ्या आईले सांग, मले भूक नाई." तिथपासून माझी नोकरी सुरू झाली. माझं कॉम्प्युटरचं टेबल बरोब्बर त्या खड्ड्यावर होतं. तिथे बसून मी काय शिकले ते सोडा, पण पाय खाली सोडताना मला कायम वाटायचं की ते आणखी खोल जायला हवेत.

मग एका सकाळी पोहे खाता खाता बाबांच्या हातातून चमचा सुटला. त्यांनी तो उचलायला हात खाली नेला आणि हात तिथेच राहिला. लकवा हलका होता. पाय वाचला, बोलणं वाचलं, उजव्या हाताची बोटं मात्र रुसली. डॉक्टरांनी एक मऊ रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत बसायला सांगितलं. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. "मी का लहान पोट्टा हो, चेंडू खेळाले?" आईने मला सांगितलं, त्यायले सांग चेंडू दाबा म्हणा. मी सांगितलं. बाबांनी मला सांगितलं, तुझ्या आईले सांग, तूच दाब. हा निरोप मी पोचवला नाही. निरोप्याला तेवढी मुभा असते.

त्याच सुमारास कन्हानचा दिनूदादा, माझ्या मावशीचा मुलगा, कंपनीच्या कामासाठी काही महिने परदेशात राहून परत आला आणि मला एक खेळणं देऊन गेला. दोन पडदे असलेला, डबीसारखा उघडणारा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. आमच्या घरात त्याला शेवटपर्यंत 'डबी' असंच म्हटलं गेलं. डबीचे अस्सल खेळ मिळायचे ते वेगवेगळ्या कार्डांवर, एका कार्डावर एक खेळ, आणि त्यांची किंमत ऐकून आईने कानाला हात लावले होते. पण दिनूदादा हुशार. त्याने डबीबरोबर भलत्याच कुणीतरी बनवलेलं एक कार्ड आणलं होतं. दिसायला अस्सल कार्डासारखंच, खालच्या कडेला सोनेरी दात, पण वरून त्यात नखाएवढी मेमरी चिप खुपसायची सोय. चिप कॉम्प्युटरला लावायची, हवे तेवढे खेळ त्यात भरायचे, चिप कार्डात, कार्ड डबीत, आणि डबी बिचारी फसायची. तिला वाटायचं, अस्सल कार्ड आलं. आज मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते आणि दुसऱ्याची वस्तू उतरवून घेऊ नये यावर वर्षातून एक तास बोलते. तो तास मी घड्याळाकडे बघत संपवते.

थोड्याच दिवसांत प्रताप नगरातली बंगल्यांमधली पोट्टी सायकली मारत आमच्या गल्लीत येऊ लागली. त्यांच्याकडे डब्या होत्या, तसली कार्डंही होती, पण ती भरायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी भरून द्यायची. आई लग्नाआधीपासून मागासाठी कांड्या भरत आली होती, म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी होडीत, बसणाऱ्या छोट्या नळीवर सूत गुंडाळत होती. ती शेजारणीला म्हणाली, "मी जन्मभर कांड्या भरल्या, हे कार्डं भरून राहिली. भरायचं काही सुटलं नाई बाप्पा आमच्या घरातून."

बाबांच्या हातात डबी मीच दिली, पण त्यात बोटांचा विचार नव्हता. मला अभ्यास करायचा होता आणि ते माझ्या पाठीशी बसून उसासे टाकत होते. मी त्यांना ठोकळ्यांचा खेळ लावून दिला. वरून वेडेवाकडे ठोकळे पडतात, ते असे रचायचे की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरली की ओळ नाहीशी होते. बाबांनी डाव्या हाताने थोडा वेळ खेळून बघितलं आणि विचारलं, "भरलेली ओळ कुठी गेली?"

"गेली. तेच तर करायचं असतं."

"विणलं का उसवते?"

"हो."

"मंग कापड कवा होईल?" असं म्हणून त्यांनी डबी परत केली. बाप आणि लेक यांच्यात खेळाबद्दल झालेलं हे पहिलं संभाषण.

चिपमध्ये आणखी एक खेळ होता. चौकटींचा. पडद्यावर चौकोनांची जाळी, वर आणि डाव्या बाजूला आकडे. तीन, एक, दोन असं लिहिलं असलं की त्या ओळीत सलग तीन घरं भरायची, मग सोडायची, मग एक, मग सोडायची, मग दोन. सगळ्या ओळी नीट भरल्या की चित्र उमटतं, मासा, किटली, छत्री असं काहीतरी. मला तो कंटाळवाणा वाटायचा. बाबांनी जाळी बघितली आणि चष्मा मागितला. "हा तं नक्षीचा कागद हाय," ते म्हणाले. साडीच्या काठाची नक्षी विणकर आधी चौकटीच्या कागदावरच मांडतो; किती धागे भरायचे, किती सोडायचे. पडद्यावर लिहायची एक बारीक काडी डबीच्या कुशीत असते. ती त्यांनी डाव्या हाताने काढली, उजव्या हाताच्या बोटांत बसवली, आणि काडी पडली. परत बसवली, परत पडली. शेवटी आईच्या टोपलीतली सुती चिंधी काडीला गुंडाळून त्यांनी ती जाड केली. त्या संध्याकाळी एक किटली उमटली. वाकडी नाही, खेळ वाकडं उमटू देत नाही, पण तिला तीन तास लागले. आईने गोळाभात केला होता. वरच्या हिंगाच्या फोडणीचं तेल थंड होऊन गोठलं तरी बाबा उठेनात. "त्यायले सांग, भात दगड झाला," आई म्हणाली. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "दोन ओळी रायल्या."

दिवाणावर पाय दुमडून बसलेले बाबा आणि त्यांच्या मांडीवरची ती डबी, हे दृश्य पुढे आमच्या घराचा भाग झालं. किटल्या-छत्र्या संपल्यावर त्यांना खेळातला एक कोपरा सापडला, जिथे आपली जाळी आपल्यालाच भरून ठेवता येते. तिथे त्यांनी काठ मांडायला सुरुवात केली. करवतीचे दाते, रुद्राक्ष, बुट्ट्या, त्यांच्या वडलांकडून आलेली नक्षी, जी कुठल्याही कागदावर उरली नव्हती. जुने कागद माग काढला तेव्हा उधईने खाल्लेले निघाले होते. एका जाळीत काठाचा एक तुकडा मावे. ते डोळे मिटून ओठांत पुटपुटायचे, "दोन भर, एक सोड," आणि मग एक घर काळं करायचे. पावसाळा संपता संपता त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. आईने ते पडद्याच्या फटीतून बघितलं. नुसती नाक ओढत कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत राहिली.

एकाच बाबतीत मी हरले. नक्षी अर्धी झाली की ती 'सेव्ह करा' असं मी रोज सांगायची. बाबा ऐकायचे नाहीत. झाकण मिटलं की डबी झोपते आणि उघडलं की तिथूनच पुढे सुरू होते, हे त्यांनी हेरलं होतं. "मागावरून उठतो तवा ताणा तसाच रायते ना? का रोज रात्री साडी काढून पेटीत ठेवतो?" पूर्ण झालेली नक्षी ते ठेवायचे, अर्धी मात्र मागावरच, म्हणजे डबीतच झोपलेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडे नवमीला, आमच्याकडे अवजारांची पूजा असते. ज्याच्या त्याच्या पोटाचं जे साधन असेल ते घासूनपुसून, तेल लावून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माग होता तोवर ही पूजा बाबा करायचे. माग गेल्यावरच्या नवमीला ते दिवसभर घराबाहेर राहिले होते. यंदा ते अंघोळीला गेले असताना आईनेच पाट मांडला. धोटा ठेवला, आपली कात्री, विळी, माझा कीबोर्ड, आणि सगळ्यांच्या मधोमध, नव्या खणावर, बाबांची डबी. बाबा बाहेर आले, पाटाकडे बघून थांबले, हात जोडून दिवाणावर बसले. माझ्या नोकरीच्या काळात आईने त्यांना पाठवलेला हा एकच निरोप, जो माझ्या हातून गेला नाही. पुरणपोळी झाली, कढी झाली, वडे झाले. बाबांनी पोळी मागून घेतली. मला वाटलं, आता सुटले मी.

दसऱ्याला सकाळी बाबांनी डबी उघडली. पडदा पांढरा. बंद करून चालू केली. पांढराच. त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी कार्ड बाहेर काढलं आणि ते लाल होतं.

आईचं काही चुकलं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पूजेआधी धोटा धुताना त्यातली कांडी बाहेर काढायची असते. तसं तिने डबीतून कार्ड काढलं. अवजाराला तेलाचं बोट लावायचं असतं, लावलं. आणि कुंकू कुठे लावायचं? जिथून काम होतं तिथे. मागात फणीच्या दातांना लावतात. कार्डालाही दात होते, तेही सोन्याचे. तिने हळदकुंकू ओलं कालवून एकेका दाताला बोट टेकवलं, वरून दूध-पाणी शिंपडलं आणि कार्ड होतं तसं परत बसवलं. मग विधीप्रमाणे दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावला नाही. झोपेतही आत वीज चालू असलेल्या त्या डबीत कुंकवाने रात्रभर काय केलं असेल ते असेल.

बाबांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "वंदू, तुझ्या आईले सांग, पूजा चांगली झाली." मग खिडकीतला चेंडू घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. काडीची चिंधी सोडवून आईच्या टोपलीत टाकली.

मी खोडरबराने दात घासले. थिनर लावून बघितलं. आई दाराला टेकून उभी. "मी का वाईट केलं वं? त्यायचा माग समजून पूजा केली मी."

"कार्ड मेलं आई. पण आतली चिप कोरडी आहे. नक्षी चिपमध्ये असते. दुसरं कार्ड मिळालं तर..."

"मग चाल ना."

"कुठे?"

"जिथी भेटते तिथी. मीही येतो." आमच्याकडे बायकाही "येतो" म्हणतात. ती लुगडं बदलायलाही थांबली नाही.

बर्डीवर, मोठ्या बाजारात, एका मोबाइलच्या दुकानात तसली कार्डं मिळायची, काउंटरखालून. दुकानदार माझ्याच वयाचा, केसांना तेल चोपडलेला. त्याने नवं कार्ड काढलं, वेगळ्याच कुणीतरी बनवलेलं, माझ्या हातातली चिप घेतली आणि लगेच आपल्या कॉम्प्युटरला लावली. "दीदी, पुराना सब साफ करके एकदम नया माल भर देता हूँ. पचास गेम." त्याच्या हातांना सवय होती, चिप आली की आधी पुसायची, मग भरायची. मी "रुको" म्हणेपर्यंत त्याची बाणाची खूण बटणावर पोचली होती. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. तिला एकच शब्द कळला. काउंटरवरून वाकून तिने त्याच्या हातावर आपला अख्खा पंजा दाबून धरला. "साफ नोको करू गा! साफ करूनच मेलं ते!"

"अरे माँजी, माउस छोडो!"

"आधी तू सोड!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेवटी त्याने दुसऱ्या हाताने चिप उपसून दिली, आणि आईने ती पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचली. ऑटोत ती गाठ चाचपत बसली.

नवं कार्ड डबीने मानलं. खेळ सुरू झाला, आणि नक्षीचा कोपरा रिकामा निघाला. आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती म्हणून मी चेहरा सरळ ठेवला. मग कॉम्प्युटरवर चिप उघडून बघितलं तर बाबांची फाइल जागच्या जागी होती. नवं कार्ड ती वेगळ्याच फोल्डरमध्ये शोधत होतं. मी ती उचलून तिथे ठेवली. पुन्हा डबी, पुन्हा झाकण. करवतीचे दाते आले. रुद्राक्ष आले. बुट्ट्या आल्या. मी डबी बाबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने एकेक नक्षी पुढे सरकवली. घाई नव्हती. शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले. "एक नाई," ते म्हणाले.

अर्धी. झोपलेल्या डबीतून कार्ड ओढलं तेव्हा मागावरची ती अर्धी साडी गेली होती. मी म्हटलं, "कोणती होती?"

"रुईफुलाचा काठ." मग खाली बघत, "तिच्या लग्नातल्या लुगड्याचा. मीच विणलं होतं. मधल्या फुलाचे धागे आठवून रायलो होतो, आठ दिवस झाले. जमतच नव्हतं." मग त्यांनी सवयीने सुरुवात केली, "तुझ्या आईले सांग..." आणि पुढे काय सांगायचं ते त्यांना सुचलं नसावं.

पडदा हलला. आतून पेटीची कडी वाजली. आई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते लुगडं होतं, घडीवर पिवळं पडलेलं, कापराचा वास येणारं. ती दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसली, चष्मा लावला, काठ खिडकीच्या उजेडात धरला आणि टोपलीतली चिंधी बाबांच्या पुढे सरकवली. माझ्याकडे न बघता, बाबांकडेही न बघता, काठाकडे बघत ती म्हणाली, "तीन भर. दोन सोड. एक भर."

बाबांनी काडीला चिंधी गुंडाळली. एक घर काळं झालं, दुसरं झालं.

"एक सोड. चार भर. दोन सोड."

"हळू सांग वं," बाबा म्हणाले. "माग थोडीच पळून राहिला."

"पळाला होता एकदा," आई म्हणाली.

"तूच पळवला."

"तुमीच म्हणाले होते, जे करायचं ते कर." तिने धागा नखाने धरून ठेवला होता. "एक भर."

"एक का दोन?"

"एक. माये डोळे फुटले नाई अजून."

मी दोघांच्या मधोमध उभी होते, नेहमीच्या जागेवर, आणि बराच वेळ कुणीही मला काहीही सांगायला सांगितलं नाही. मग मी आत जाऊन कुणी न म्हणताच चहा ठेवला. आलं टाकायचं की नाही ते विचारायला पडद्यापर्यंत आले, आणि परत फिरले.